सत्तर ग्रॅमचं मस्टँग आणि वेगाचा नाद

गुऱ्हाळकर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय हलका आहे, अगदी ७१ ग्रॅमचा.

दिवाळीत स्वतःलाच एक खेळणं घेतलं. पी-५१ मस्टँग, रिमोटवालं, फोमचं. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ४०० मिमी. एका सेलची बॅटरी, गिअरवर चालणारी ब्रशवाली बारकी मोटर, आत गायरो (डगमग आपोआप सावरणारा सेन्सर). घरी 'पोराला घेतलंय' म्हणून सांगितलं. पोरगं दहावीला आहे आणि त्याला मी हात लावू देत नाही, ते सोडा. वजन गुजरीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर केलं. त्यांनी डबा बघून विचारलं, "मोड आहे का नवीन घडवायचंय?"

प्रयाग चिखलीकडं मेहुण्याचं मळीचं रान आहे. ऊस तुटून गेला की बांधापर्यंत मोकळं होतं. तिथं १०० मीटरवर दोन कळक रोवले आणि स्टॉपवॉच लावलं. वाऱ्याबरोबर ८ सेकंद, वाऱ्यावर ११ सेकंद. म्हणजे साधारण ३८ किमी. शेजारच्या बांधावरून जाणारी एमएटी (बजाजची एम-८०) पण त्याच्या पुढं जाईल असं वाटलं.

मग डोकं चालवलं. एक सेल आहे तर दोन सेल लावू, वेग दुप्पट. लावले. बोर्ड एका सेलसाठी, म्हणजे फार तर ४.२ व्होल्टचा. भरलेले दोन सेल ८.४ देतात. मोटर दोन सेकंद अशी किंचाळली की कुत्री जागी झाली, आणि कॉकपिटमधून धूर. रिसीव्हर, ईएससी (मोटरला करंट मोजून देणारा भाग), गायरो सगळं त्या एकाच बोर्डावर होतं, सगळं एकदम गेलं.

आता उघडलंच आहे तर नीट करावं म्हणतो. वेग दुप्पट हवाय. काय करू?

रंकाळ्याचा_वारा

पाण्याची बाटली जवळ ठेवत जा, एवढं सुचवतो. बाकी ३८ किमीत काय वाईट होतं? उडतंय, दिसतंय, परत येतंय. तांबड्या रश्श्यात पाणी घालू नये तसं चांगल्या चाललेल्यात हात घालू नये. पण जळालंच आहे म्हणताय तर बसतो बघत.

शिरोळ_पायलट

गुऱ्हाळकर, आधी एक बारीक दुरुस्ती. वेळेची सरासरी काढू नका, वेगाची काढा. ८ सेकंदाला ४५ किमी, ११ सेकंदाला ३२.७. सरासरी ३८.९ येते. तुम्ही ९.५ सेकंद धरून ३७.९ काढले असणार. इथं फरक एका किमीचाच, पण वारा वाढला की ही चूक पण वाढते.

आता मुद्दा. दुप्पट वेग म्हणजे दुप्पट ताकद नव्हे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि लागणारी ताकद घनानं. ३९ चे ७८ करायचे तर आठपट ताकद. उलट बाजूनं बघा, ताकद दुप्पट केली तर वेग फक्त २६ टक्के वाढतो. म्हणून 'अजून मोठी मोटर' हा मार्ग खिसा रिकामा करणारा आहे.

दुसरं गणित प्रॉपचं, म्हणजे नाकावरच्या पंख्याचं. प्रॉप म्हणजे हवेत फिरणारा आटेवाला स्क्रू समजा. पिच २ इंच म्हणजे एका फेऱ्यात, घसरला नाही तर, २ इंच पुढं. मिनिटाच्या फेऱ्या गुणिले पिच गुणिले ०.००१५२४ केलं की ताशी किमी मिळतात. हा झाला पिच स्पीड. सरळ उडताना विमान सहसा याच्या आतच राहतं. तुमच्या मूळ प्रॉपचं हे गणित केलं तर कळेल की सेल कितीही ताजा असला तरी ते ४५-५० च्या पुढं जाणारच नव्हतं.

माझी शिफारस : ११०५ मापाची ब्रशलेस मोटर (स्टेटर ११ मिमी रुंद, ५ मिमी उंच), ५००० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला ५००० फेरे), १० ॲम्पिअरची ईएससी, दोन सेलची ३०० एमएएच बॅटरी, ३ बाय २ चा प्रॉप (३ इंच व्यास, २ इंच पिच). गिअर काढून टाका. रिसीव्हर वेगळा, गायरोवाला घ्या. पैसे आधी इथं घाला, रंगरंगोटी नंतर.

पेन्शनर_राजारामपुरी

शिरोळकरांचं गणित चोख आहे. फक्त गंमत म्हणून सांगतो, खऱ्या मस्टँगची कथा पण हीच आहे. १९४० च्या ऑक्टोबरात ते पहिल्यांदा उडालं तेव्हा त्यात ॲलिसन इंजिन होतं. खाली छान पळायचं, उंचीवर गेलं की दम लागायचा. पातळ हवेत पुरेसं कोंबून देणारा सुपरचार्जर नव्हता. १९४२ मध्ये ब्रिटिशांनी त्यात दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं मर्लिन इंजिन बसवून पाहिलं आणि विमानाचं नशीबच पालटलं. पुढच्या डी मॉडेलनं ताशी सातशे किलोमीटर गाठले, ते पण सात हजार मीटरच्या वर.

पण सगळं श्रेय इंजिनाला देऊ नका. मर्लिन तर ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानात पण होतं. त्याच घराण्यातलं इंजिन घालून मस्टँग जास्त पळायचं ते अंगकाठीमुळं. पोटाखालचा रेडिएटर सुद्धा असा घडवलेला की आत शिरलेली हवा तापून मागून जोरात बाहेर पडते आणि आपल्या विरोधातला बराच भाग स्वतःच भरून काढते.

आपल्या हवाई दलाकडं मस्टँग नव्हतं. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात आपली होती ती स्पिटफायर आणि टेम्पेस्ट. पुढच्या वेळी टेम्पेस्ट घ्या, मी खुष होईन.

गुऱ्हाळकर

काका, टेम्पेस्ट मिळालं तर तुम्हालाच आधी उडवायला देतो.

अपडेट. सामान आलं, आठ दिवसांत बसवलं. जुन्या मोटरच्या जागी पुढं १.५ मिमी प्लायचा गोल तुकडा चिकटवला, त्यावर मोटर. वजन आता ८४ ग्रॅम. सराफ म्हणाले, "१३ ग्रॅम घडणावळ फार लावली तुम्ही."

पण थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेला की अख्खं विमान हातात झिणझिणतं. गायरो गोंधळतो, एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी पट्टी) आपोआप थरथरतो. मोटर खराब आली काय?

लेथवाला_उद्यमनगर

मोटर न्हाय, परॉप बगा भावा. तीस हजार आरपीएमला तुमी फिरवायलाय. आमच्या स्पिंडलला एवढं फिरवायचं म्हटलं तर मालक पळून जाईल. तिथं पात्याचं वजन केसाएवढं इकडं तिकडं झालं तरी हातोडा मारल्यागत बसतंय.

काम सोपं हाय. परॉपच्या भोकातनं घट्ट बसणारी सुई घाला, दोन ब्लेडच्या धारंवर ती आडवी ठेवा. जे पातं खाली जाईल ते जड. जड पात्याच्या पाठीवर ६०० चा पेपर हळू मारा. टोक कापायचं न्हाई, धार मोडायची न्हाई. हलक्या पात्याला सेलोटेप लावतात काही जण, ती तीस हजारला उडून कुणाच्या तरी डोळ्यात जाती. पेपरच मारा.

आनि शाफ्ट बघून घ्या. एकदा नाकावर पडलं असंल तर शाफ्ट वाकडाच. शनवारी दुकानाकडं या, डायल लावून रनआउट, म्हंजी शाफ्ट किती वाकडा फिरतोय ते, बघू. टॅकोमीटर पन हाय, आरपीएम खरं किती ते कळंल. चा तुमचा.

गुऱ्हाळकर

गेलो होतो. दादांनी चहा स्वतःच पाजला, वर मिसळ. शाफ्ट सरळ निघाला, प्रॉपच वाकडा. तीन प्रॉप सुईवर तोलले, त्यातला एक जन्मतःच बरोबर होता, दोन घासले. झिणझिण गेली. गायरो गप्प झाला.

टॅकोमीटरवर ३१,००० फेरे, करंट साडेचारच्या आसपास. म्हणजे पिच स्पीड ९४. हातातनं सोडलं तर सरळ वर. आईशप्पथ, नाद खुळा! कळकांमधला वेग दोन्ही बाजूंची सरासरी धरून ७१ किमी.

बॅटरीचं मात्र बघावं लागतंय. ३०० एमएएच साडेचार ॲम्पिअरनं चार मिनिटांत शून्य होते, आणि शून्य करायची नाही. पूर्ण थ्रॉटल तीन मिनिटं, की खाली.

शिरोळ_पायलट

मस्त. आता खर्च थांबवा. चाकं काढा, तशीही हातानंच सोडताय. एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या) फटीवर वरून पारदर्शक टेप लावा. अँटेना आत घ्या. सर्व्होचे (पट्ट्या हलवणाऱ्या बारक्या मोटरचे) हात लांब बाहेर आलेले असतील तर आतल्या भोकात दांडी लावा.

गुऱ्हाळकर

तीन रुपयांची टेप. चाकं काढून ४ ग्रॅम पण कमी. त्याच मोटरवर, त्याच प्रॉपवर, त्याच बॅटरीवर ७१ चे ८०! मोटर आणि ईएससीला मी किती घातले ते इथं लिहीत नाही, घरातले वाचतात. तर फुकटात ९ किमी.

आता पुढचं विचारतो. फोमचा पृष्ठभाग खडबडीत आहे, साबुदाण्याच्या दाण्यांसारखा. फिलर लावून, घासून, गुळगुळीत पॉलिश केला तर? खऱ्या मस्टँगचा पंख लॅमिनार फ्लोचा, म्हणजे हवा न ढवळता सरळ थरांनी वाहू देणारा, होता म्हणतात, त्याच्यावर माशी चिकटली तरी वेग कमी व्हायचा.

द्रवगतिकी

मी कॉलेजात हाच विषय शिकवते म्हणून मध्ये पडते. तुमच्या पंखाची रुंदी साधारण ७ सेंमी. २२ मीटर प्रति सेकंदाला रेनॉल्ड्स क्रमांक (हवेच्या चिकटपणापुढं वेग आणि आकार किती मोठे ते सांगणारा आकडा) येतो जेमतेम एक लाख. खऱ्या मस्टँगचा तो कोटींत जातो. हवा तीच असली तरी तुमच्या पंखाला ती कितीतरी चिकट वाटते, आपल्याला काकवीत पोहावं लागेल तसं.

या मापाला हवेचा थर आपोआपच लॅमिनार असतो. तो मिळवायला पॉलिश लागत नाही. अडचण वेगळीच आहे. असा थर पंखाच्या मागच्या उतारावर लवकर सुटतो, आणि सुटला की विरोध वाढतो. किंचित खडबडीतपणा असेल तर थर ढवळला जाऊन उलट चिकटून राहतो. म्हणून मॉडेलवाले कधीकधी पंखाच्या पुढच्या भागावर मुद्दाम झिगझॅग पट्टी लावतात. फिलरचे ६-७ ग्रॅम वाढवून तुम्ही कदाचित हळूच व्हाल. मागची धार मात्र जाड असेल तर पातळ करा, तिथं नक्की फायदा आहे.

वजनाबद्दल पण सांगते. चाकं काढूनही ७१ चे ८० ग्रॅम झाले म्हणजे १३ टक्के वाढ. स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाही तो) त्याच्या वर्गमुळानं, म्हणजे ६ टक्क्यांनी वाढला. उतरवताना आता पूर्वीसारखं नाक वर धरून तरंगवत आणू नका, टपकन पडेल.

गुऱ्हाळकर

मॅडम, टपकन पडून झालंय. कालच. पण धन्यवाद, फिलरचा डबा परत करतो.

पेठेतला_पैलवान

३ बाय ३ चा प्रॉप लावा की राव! पिच दीडपट, वेग दीडपट. एवढा विचार कशाला?

गुऱ्हाळकर

लावला. आणि आता सविस्तर लिहितो, कारण दोन दिवस झोप नाही.

जमिनीवर फेरे ३१,००० चे २७,५०० झाले. करंट सातला पोहोचला, ईएससी गरम. तरी पिच स्पीड १२६! पोराला म्हटलं तू व्हिडिओ काढ, मी सोडतो. नेहमीसारखं हळूच पुढं ढकललं. विमान पुढं गेलं, डावीकडं कललं, आणि मी स्टिक उजवीकडं दाबायच्या आत बांधावर. व्हिडिओ सहा सेकंदांचा आहे. त्यातले चार सेकंद मी 'बघ हं आता' म्हणतोय.

नाक चेपलं, प्रॉप तुटला, उजवा पंख मुळाशी चिरला. मोटर वाचली. पोरगं एकच वाक्य बोललं, "बाबा, हे माझंच विमान आहे ना?"

शिरोळ_पायलट

पैलवानांचं गणित अर्धंच आहे. जास्त पिचचं पातं उभं असतं. विमान थांबलेलं असताना त्या पात्यावर हवा इतकी तिरकी येते की पातंच स्टॉल होतं, घुसळतं खूप, ओढतं कमी. वेग आला की तेच पातं नीट चावतं. म्हणून सोडताना मधली दोन सेकंद धोक्याची. त्यात टॉर्क, म्हणजे प्रॉपचा उलटा पीळ. प्रॉप मागून बघताना घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून विमान उलटं, म्हणजे डावीकडं कलतं.

उपाय : जोरात फेका, भाल्यासारखं सरळ, वर नाही. थ्रॉटल तीन चतुर्थांश ठेवा, पूर्ण नको. एलेरॉन ट्रिम उजवीकडं दोन टिचक्या. मोटरचं तोंड दोनेक अंश उजवीकडं आणि तेवढंच खाली. ते वॉशर घालून जमतं.

लेथवाला_उद्यमनगर

चिरलेल्या पंखाला नुसतं चिकटवू नगा. बुरुडाकडनं कळकाची कामटी आना, पतंगाला लावत्यात तसली. तासून दीड मिलिमीटर करा, पंखाच्या खालच्या अंगाला खाच मारून बसवा. कार्बनची पट्टी लावली तर बेस्टच, पन कामटीला बी तोड न्हाई.

गुऱ्हाळकर

कामटीच लावली. दोन ग्रॅम. आणि ती लावली नसती तर पुढचं घडलंच नसतं.

कारण ३ बाय ३ वर तिसऱ्या फेरीत वेग चढल्यावर डावीकडून 'घर्रर्र' असा आवाज, भुंगा डबीत कोंडल्यासारखा. थ्रॉटल तोडला, आवाज बंद. उतरवून बघितलं तर डाव्या एलेरॉनची बिजागरी अर्धी फाटलेली. हाच फ्लटर ना?

शिरोळ_पायलट

हाच. नशीबवान आहात, बहुतेकांना फक्त शेवटचा आवाज ऐकू येतो. सांध्यात ढिलाई असली की एका वेगाच्या पुढं एलेरॉन स्वतःच फडफडायला लागतो आणि दर फडफडीला हवेतून ताकद घेतो. बिजागरीवर आरपार टेप, दांडी जाड तारेची, सर्व्होच्या हाताचं भोक तारेच्या मापाचं. ढिलाई शून्य हवी. एलेरॉनची हालचाल पण निम्मी करा. आणि गायरोचा गेन (तो किती जोरानं सावरतो ते) कमी करा. एलेरॉनचा प्रभाव वेगाच्या वर्गानं वाढतो. ३९ ला बरोबर असलेला गेन ८० ला चौपट झाल्यासारखा वागतो आणि विमान शेपूट हलवत जातं.

रंकाळ्याचा_वारा

मी म्हटलं होतं तांबड्या रश्श्याचं. असो. आता कळकांनी मोजणं बंद करा, एवढ्या वेगाला तुमच्या बोटाचीच चूक पाच टक्क्यांची होईल. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. विमान कानावरून गेलं की स्वर खाली पडतो, रेल्वेच्या शिट्टीसारखा. येतानाची आणि जातानाची फ्रिक्वेन्सी काढा. दोन्हींची वजाबाकी भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले आवाजाचा वेग. २५ अंशांना तो ३४६ मीटर धरा.

गुऱ्हाळकर

वारेसाहेब, तुम्ही एवढे दिवस गप्प का होतात!

फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप घेतलं. येताना १०८१ हर्ट्झ, जाताना ९३१. १५० भागिले २०१२ गुणिले ३४६ म्हणजे २५.८ मीटर प्रति सेकंद. ९३ किमी. उलट्या दिशेनं पण जवळपास तेवढंच, वारा पडलेला होता.

द्रवगतिकी

त्याच दोन आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. विमानाचा स्वतःचा स्वर येतो १००० हर्ट्झ. दोन पाती, म्हणून सेकंदाला ५०० फेरे, मिनिटाला ३०,०००. हवेत गेल्यावर प्रॉपवरचा भार हलका होऊन २७,५०० चे ३०,००० झाले. ३ इंच पिचनं पिच स्पीड १३७. तुम्ही ९३ वर अडलात, म्हणजे ६८ टक्के. मोटर अजून पळायला तयार आहे, अडवतंय ते शरीर. आणखी पिच लावून हाती काही लागणार नाही.

पेठेतला_पैलवान

पण मंडळी, मूळ विमान ११.२८ मीटरचं, हे ०.४ चं. २८ पट लहान. ९३ गुणिले २८ म्हणजे २६०० किमी! मॅक २ च्या, म्हणजे आवाजाच्या दुपटीच्या वर!! जाळ!!!

पेन्शनर_राजारामपुरी

पैलवान, मग मुंगी पण आगगाडी होईल. गुरुत्वाकर्षण लहान होत नाही, त्यामुळं लांबीच्या वर्गमुळानं गुणायचं. २८ चं वर्गमूळ ५.३. म्हणजे साधारण ४९४. खऱ्याच्या ७०० ला पोहोचायचं तर गुऱ्हाळकरांना १३२ किमी लागतील.

गुऱ्हाळकर

काका, असले आकडे सांगू नका. रात्री झोप लागत नाही.

शिरोळ_पायलट

१३२ च्या आधी हे वाचा. ८२ ग्रॅम आणि ९३ किमी, म्हणजे सुमारे २७ ज्यूल. ६५ किमीनं आलेल्या लेदर बॉलएवढा दणका, पुढं फिरतं पातं लावून. रानात ऊसतोडवाल्यांची पोरं धावत येतात विमान बघायला. ती मागं, बांधापलीकडं बसल्याशिवाय सोडायचं नाही.

आणि जागा. २५० ग्रॅमच्या आत आहे म्हणून ड्रोनच्या नियमांत 'नॅनो' वर्ग, पायलटचं लायसन लागत नाही, हे खरं. पण उजळाईवाडीचा विमानतळ आहे, १९३९ पासूनचा, आणि आता रोज विमानं येतात. हद्दीपासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय उडवायचंच नाही, ८ ते १२ मध्ये २०० फुटांच्या खाली. विद्यापीठाकडच्या माळावर एक ग्रुप उडवतो असं ऐकलं, त्यांना कुणीतरी सांगा. चिखलीची बाजू बरी. मसाई पठारावर पण नको, ते संवर्धन राखीव आहे.

लेथवाला_उद्यमनगर

ॲल्युमिनियमचा स्पिनर (परॉपच्या मदोमद बसनारी टोपी) करून ठिवलाय. १.८ ग्रॅम. मस्टँगचं नाक हाय तसंच टोकदार केलंय. न्यायला या. ह्याचा तर चा घ्येनारच.

गुऱ्हाळकर

दादा, उद्याच येतो. मागची धार मॅडमनी सांगितल्याप्रमाणं घासून पातळ केलीय, स्पिनर लागला की परत आवाज रेकॉर्ड करतो. ३ बाय ३ चे दोनच प्रॉप उरलेत, त्यातला एक वेगासाठी. रोजच्या उडवण्याला ३ बाय २ परत लावलाय. ८० ला ते हातातनं सुटतं, वळतं, दिसतं, आणि पोराला पण झेपतं. होय, त्याला दिलं काल. माझ्यापेक्षा चांगलं उतरवलं.

रविवारी सकाळी सातला, वारा सुटायच्या आत, चिखलीच्या रानात. येणाऱ्यांनी सांगा, भडंग त्या हिशोबानं आणतो.

पेन्शनर_राजारामपुरी

मी येतो. खुर्ची लागेल.